नदीकाठच्या गावात माणसं कशी उभी करायची: ऊसपट्ट्यातल्या नव्या कार्यकर्त्यासाठी

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले आहेत. त्यातले ५५ महाराष्ट्रात होते, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. कृष्णा, पंचगंगा, नीरा, भीमा यांच्या काठच्या माणसाला हा आकडा सांगावा लागत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात नदीचा रंग बदलतो, नळाला वास येतो, कधी मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत तेच झालं.

अशा वेळी बहुतेक गावांत निवेदन, बातमी, उपोषण या क्रमाने गोष्टी घडतात. तो हंगाम गाजतो आणि पुढच्या हंगामात पाणी पुन्हा तसंच येतं. टिकाऊ काम करायचं तर क्रम बदलावा लागतो: आधी माणसं, मग नोंदी, मग ग्रामसभेचा ठराव, मग अधिकारी, आणि गरज पडली तरच हरित लवाद (राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण). गळीत (ऊस गाळण्याचा) हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. म्हणून कामाला जून-जुलैत लागा.

सभा नंतर, घरं आधी

पहिले तीन-चार आठवडे एकही सभा बोलावू नका. ज्यांचा नदीशी रोजचा संबंध आहे त्यांची यादी करा आणि घरी जाऊन भेटा. भोई किंवा कोळी समाजातले मासेमार, जॅकवेलवर (नदीतून गावाचं पाणी उपसायच्या विहिरीवर) मोटर चालवणारा ग्रामपंचायतीचा कर्मचारी, घाटावर धुणं धुणाऱ्या बाया, म्हशी नदीला नेणारी पोरं, नदीवरून उपसा करणारे शेतकरी, आशाताई. जॅकवेलवरच्या माणसाला कोणी विचारत नाही, पण पाण्याचा वास कोणत्या रात्री आला हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कोणत्या महिन्यात जास्त लागली हेही तोच सांगू शकतो.

‘प्रदूषण होतंय का?’ असा प्रश्न विचारलात तर ‘हो, होतंय की’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: शेवटचं कधी झालं? पाणी कसं दिसत होतं? पहाटे की दुपारी? बंधाऱ्याच्या वर की खाली? ऐकून घ्या, वाद घालू नका, आणि त्याच रात्री तारखेसह लिहून काढा. उठताना प्रत्येकाला एक छोटं काम सांगा: ‘पुढच्या वेळी वास आला की मला फोन करा’, ‘तुमच्या शेजारच्या काकूंशी भेट घालून द्या’. ज्यांनी सांगितलेलं काम केलं त्यांच्या नावापुढे खूण करा. चाळीस घरं फिरल्यावर अशा आठ-दहा खुणा झाल्या तर गट तयार झाला. भरभरून बोलणारे आणि काम करणारे यांच्या याद्या फार वेगळ्या निघतात.

लोक गप्प का असतात

ऊसपट्ट्यात याचं कारण अज्ञान नसतं. ज्या कारखान्याचं पाणी नदीत येतं, ऊस त्याच कारखान्याला जातो. तोडीची टोळी वेळेवर आली नाही तर ऊस वाळतो, वजन घटतं, रान अडकून पडतं. घरातला एखादा मुलगा तिथे कामाला असतो किंवा चिटबॉय (ऊसतोडीच्या नोंदी आणि चिठ्ठ्या सांभाळणारा) असतो. गावातला कारखान्याचा संचालक एका गटाचा, सरपंच दुसऱ्या गटाचा. अशा माणसाला ‘तू घाबरतोस’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याची भीती खरी आहे हे धरूनच आखणी करा.

आखणी म्हणजे काय, तर पुढे कोण उभं राहणार हे विचारपूर्वक ठरवणं. निवेदनावर पहिल्या सह्या त्यांच्या घ्या, ज्यांची कोंडी करता येत नाही: ज्यांचा ऊस दुसरीकडे जातो, ज्यांचं घर दुधावर चालतं, सेवानिवृत्त लोक, बचत गटातल्या बाया. कारखान्यातला कामगार माहिती देत असेल तर त्याचं नाव कुठल्याही वहीत, व्हॉट्सॲप गटात किंवा अर्जात येता कामा नये. आणि सह्या एका वेळी भरपूर घ्या. पाच सह्यांच्या अर्जातली पाचही माणसं सापडतात, तीनशे सह्यांच्या अर्जातली सगळ्यांची तोड कुणाला थांबवता येत नाही.

मागणीची भाषाही याच भीतीशी जोडलेली आहे. ‘कारखाना बंद करा’ म्हटलं की निम्मं गाव विरोधात जातं, आणि त्यांचं चुकतही नाही. पोटावर पाय न देणाऱ्या, मोजता येणाऱ्या मागण्या करा. साखर कारखान्यांसाठीच्या २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेत आधार तयार आहे. गाळलेल्या दर टन उसामागे प्रक्रिया केलेलं सांडपाणी १०० लिटरपर्यंत, स्प्रे पाँड (गरम पाणी फवारून थंड करायचं तळं) आणि कूलिंगचं पाणी आणखी १०० लिटरपर्यंत. पाणी बाहेर पडण्याचं ठिकाण एकच. प्रक्रिया प्रकल्प (ईटीपी) हंगामाच्या एक महिना आधी सुरू करून स्थिर करायचा आणि हंगाम संपल्यावर एक महिना चालू ठेवायचा. सप्टेंबरच्या शेवटी ‘ईटीपी सुरू झाला का, गावाला दाखवा’ असं विचारायला कुणाचीच हरकत असू शकत नाही.

बैठक

पहिली बैठक दहा-बारा जणांची ठेवा. वेळ संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावरची. जागा कोणत्याही गटाची नसलेली: शाळेची खोली, समाजमंदिर. एका गटाच्या नेत्याच्या ओसरीवर बैठक झाली की दुसरा गट कायमचा गेला असं समजा. बायका येणार नाहीत असं गृहीत धरून रात्री नऊची वेळ ठरवू नका. त्यांची बैठक दुपारी वेगळी घ्यावी लागली तर घ्या, पण तिथलं म्हणणं दुसऱ्या बैठकीत त्यांच्यातल्याच कुणीतरी मांडायला हवं.

बैठक तासाभराची. वहीत तारीख, हजर माणसं, कोणतं काम कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढंच लिहा. पुढच्या बैठकीची सुरुवात तीच यादी वाचून करा. भाषणं होऊ लागली की कामकरी माणूस यायचा बंद होतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवण्याची पद्धत रुजवली. अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, कोणालाही बोलवायचं, मतभेद मोकळे करायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशी वर्षानुवर्षांची बैठक होती. नदीकाठच्या गटबाजीच्या गावात सर्वसहमती दर वेळी जमणार नाही. पण अभ्यासाची बैठक वेगळी ठेवली तर संचालकांच्या गटातले लोकही येऊन बसतात, कारण तिथे हात वर करायचा नसतो.

पैसा घरटी ५०-१०० रुपये असाच गोळा करा, पावती द्या, खर्चावर दोघांच्या सह्या असू द्या आणि दर महिन्याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकाशेजारी लावा. नेत्याची देणगी कितीही चांगल्या मनाने आली तरी नको. संस्था नोंदवायची घाई पहिल्या वर्षी करू नका. अध्यक्ष कोण, यावरून भले गट फुटले आहेत.

नोंदी: इथे वेळ घाला

नदीवर तीन ठिकाणं पक्की करा: संशयित नाला मिळण्याच्या वर एक, नाला मिळतो तिथे एक, आणि खाली एक. वरच्या ठिकाणाची नोंद नसेल तर ‘पाणी वरूनच खराब येतंय’ या एका वाक्यावर तुमचं सगळं काम पडतं. हंगामाआधी, बॉयलर पेटण्यापूर्वी, तिन्ही ठिकाणची एकदा पूर्ण तपासणी करा. नंतरची प्रत्येक तुलना तिच्याशी होईल.

आठवड्यातून दोनदा ठरलेल्या दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, रंग, वास, फेस, माशांची हालचाल, पाण्याचा प्रवाह. कोल्हापुरी बंधारा असेल तर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले आहेत की काढले, हे दर वेळी नोंदवा. बरगे असताना साचलेल्या पाण्यात घाण साठते आणि बरगे काढले की ती एकदम खाली जाते. खालच्या गावचे मासे ज्या दिवशी मरतात, त्याच्या आदल्या दिवशी वर काय झालं हे या एका रकान्यातून कळतं.

पाण्याचे प्रकार ओळखायला शिका. गावाचं-शहराचं मैलापाणी करडं-काळं आणि कुजकट वासाचं असतं. साखर कारखान्याच्या पाण्याला आंबूस गोडसर वास आणि वर तेलाचा तवंग. आसवनीचा (अल्कोहोल बनवणाऱ्या कारखान्याचा) स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी, गडद तपकिरी असतो आणि त्याला जळक्या गुळासारखा वास येतो. वर्तमानपत्रं सगळ्यालाच मळीमिश्रित पाणी म्हणतात. तुम्ही वेगळं लिहा. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो आणि त्याचा बीओडी लिटरला ४०-५० हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो. बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला किती प्राणवायू खातील त्याचं माप. नदीत सोडायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची मर्यादा ३० आणि आंघोळीयोग्य नदीची ३ आहे. स्पेंटवॉश नदीत सोडायला परवानगीच नसते. इतक्या बीओडीमुळे थोडा स्पेंटवॉशही उन्हाळ्यातल्या बारीक धारेचा जीव घेऊ शकतो.

हाताशी पीएच पट्ट्या (आम्लता मोजायला), टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर आणि विरघळलेल्या प्राणवायूचं किट असावं. टीडीएस मीटर स्वस्त आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका. ते फक्त क्षार दाखवतं, मैला दाखवत नाही. खरा आकडा प्राणवायूचा. आंघोळीयोग्य पाण्यात तो लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा. ४ च्या खाली मासे त्रासतात, २ च्या खाली बहुतेक टिकत नाहीत. मोजणी पहाटे करा. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू प्राणवायू वापरत असतात, त्यामुळे सूर्योदयाआधी तो सर्वांत कमी असतो. दुपारी मोजलात तर आकडा फसवा चांगला येईल.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली निवडा आणि आधी फोन करा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठ सोडून वाहत्या पाण्यात, पृष्ठभागाखाली फूटभर बुडवून भरा. बीओडीची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. ती विसळायची नाही आणि वर थोडी जागा सोडायची. सगळं बर्फात, पण गोठू न देता. जितक्या लवकर पोचेल तितकं चांगलं, २४ तासांच्या पुढे गेलं की बीओडीचा आकडा बिनकामाचा.

तुमच्या नमुन्याचं वजन किती, हे गटाला आधीच सांगा. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे कारवाईसाठी चालतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला, दोन भाग करून सील केलेला सांडपाण्याचा नमुना. तुमचा अहवाल त्या अधिकाऱ्याला गावात यायला भाग पाडण्यासाठी आहे. हे न सांगितल्यामुळे ‘आपण पुरावा दिला, तरी काही झालं नाही’ म्हणून लोक हताश होतात.

फोटोत तारीख आणि ठिकाण दिसेल असं ॲप वापरा. मूळ फाइल फोनमध्ये जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली मूळ नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते.

आपलं गटार

कारखान्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘तुमच्या गावचं सांडपाणी कुठे जातं?’ हा प्रश्न योग्य आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेल्या काविळीच्या साथीत माणसं दगावली, ती मैल्याने दूषित झालेल्या पाण्यामुळे. गावचे नाले किती, नदीला कुठे मिळतात, याचा नकाशा स्वतः काढा आणि ठरावात कारखान्याआधी ग्रामपंचायतीकडून शोषखड्डे किंवा स्थिरीकरण तळ्याची (जिथे सांडपाणी साचून निवळतं) मागणी घाला. याने गटाची विश्वासार्हता वाढते, आणि नदीलाही त्याची तितकीच गरज आहे.

ग्रामसभा

ठराव हा तुमच्या हातातला सर्वांत जड कागद. तो ‘आयत्या वेळच्या विषयात’ घेऊ देऊ नका. तसा ठराव नंतर सहज बाजूला सारला जातो. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते. त्याच्याही आधी ग्रामसेवकांकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) विषयाचा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. गणसंख्या (सभेला लागणारी किमान हजेरी) मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी ती. तेवढे लोक नसले तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. विरोधक याचाच वापर करतात: पहिल्या सभेला येत नाहीत, दुसरी गुपचूप उरकतात. दोन्ही दिवशी तुमची माणसं हवीत. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे विषय मंजूर करून घ्या. पाण्याच्या प्रश्नावर बायांनी एकमताने केलेला ठराव मोडायला सहसा कोणी धजत नाही.

ठरावाचा मसुदा घरूनच लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक ठरवून ठेवा, शक्य असेल तर दोन गटांतले एकेक. मजकुरात नाल्याचं नाव, तारखा आणि मागण्या असाव्यात. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ एवढंच लिहिलं तर काहीच होत नाही. इतिवृत्त लिहून होईपर्यंत थांबा आणि आठवड्याच्या आत प्रमाणित प्रत घ्या.

मंडळ आणि माहितीचा अधिकार

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडे, ठराव आणि नोंदींसह. मागणी एका ओळीची: पाहणी करावी, गावच्या दोन प्रतिनिधींसमोर नमुना घ्यावा. कारखान्याचं संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून वाचा. किती पाणी, कुठे, कोणत्या प्रतीचं सोडायला परवानगी आहे हे त्यात असतं, आणि तुमचे नेमके प्रश्न त्यातूनच निघतात.

त्याबरोबर माहितीचा अर्ज करा. राज्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांची मर्यादा. ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्या’ असं लिहिलं तर अर्ज वाया गेला. लिहा: अमुक कारखान्याच्या मागील १२ महिन्यांतील नमुना तपासणी अहवालांच्या प्रती. दुसऱ्या अर्जात भेटीचे अहवाल, तिसऱ्यात नोटिसा, निर्देश आणि जप्त केलेल्या बँक हमीचा (अटी पाळू म्हणून कारखान्याने मंडळाला दिलेल्या पैशाच्या हमीचा) तपशील. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. अपिलाच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. बहुतेक अर्ज नकाराने मरत नाहीत, मुदत उलटल्याने मरतात. अर्जदार दोन-तीन वेगवेगळे ठेवा, सगळा दाब एकाच माणसावर येऊ नये.

कारखाना सहकारी असेल तर आणखी एक दार उघडं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. गावातल्या सभासदांनी आपल्या हक्काने, सभेच्या नोटिशीतली मुदत पाळून, लेखी प्रश्न पाठवावेत: ईटीपीवर किती खर्च झाला, बँक हमी किती वेळा जप्त झाली, ते पैसे कुणाच्या खात्यातून गेले? सभासदाच्या पैशाचा प्रश्न म्हणून मांडला की सभागृह ऐकतं. खासगी कारखान्यात हे दार नसतं.

मासे मेले त्या दिवशी

आधीच ठरवलेले चौघे निघतील: एक फोटो, एक नमुने, एक फोन, एक काठावर लोकांना आवरायला. मंडळाचा क्षेत्र अधिकारी, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि मत्स्यव्यवसाय विभागाचे सहायक आयुक्त यांना फोन आणि लगेच ईमेलही, म्हणजे वेळेची नोंद राहील. पंचनामा होईपर्यंत मासे उचलू किंवा पुरू देऊ नका, खाऊ-विकू तर मुळीच नका. तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले मासे पिशवीत घालून बर्फात ठेवा, सडलेल्या माशातून काही कळत नाही. मागूर, मरळ हे मासे वरची हवा घेऊन तग धरतात. बाकीचे मेले आणि हे जिवंत असतील तर प्राणवायू संपल्याचा अंदाज बांधता येतो. तेही मेले असतील तर विषारी द्रव्याची तपासणी लेखी मागा. पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही नको, आणि ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं असेल तर खाली आपली हरकत लिहूनच सही करा.

अशा दिवशी लोक रस्ता रोखायला निघतात. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा आणि कार्यक्रमाचं पत्र आधी द्या. तरुण पोरांवर गुन्हे दाखल झाले की पुढची दोन वर्षं गट नदी सोडून तारखांना फिरतो.

हरित लवाद

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. कलम १४ खालचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. भरपाई आणि नदी पूर्ववत करण्यासाठीच्या कलम १५ ला पाच वर्षं. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. वकील असणं चांगलं, पण स्वतःही बाजू मांडता येते. तिथे पहिला प्रश्न असतो की मंडळाकडे तक्रार केली का, पोच आहे का. वर्षभराच्या वह्या इथे उपयोगी पडतात.

दावा दाखल झाला की ‘आता कोर्ट बघेल’ म्हणून गाव स्वस्थ होतं. तारखा लांबत जातात, तोवर दुसरा हंगाम येतो. म्हणून आठवड्याच्या दोन नोंदी दावा चालू असतानाही थांबवू नका. हंगाम संपल्यावर एप्रिल-मे हा सर्वांत वाईट काळ, नदीत धार नसते आणि कारखान्यांची सांडपाण्याची साठवण तळी भरलेली असतात. त्यानंतर जूनचा पहिला पूर: गढूळ पाण्यात काहीही सोडलं तरी दिसत नाही. त्या आठवड्यात नोंदी रोज घ्या, रात्रीची पाळी लावा, आणि पहिल्या वर्षी वही लिहिणाऱ्याने या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून ती लिहायला शिकवावं.